रामोंडाला हवी उत्तरेची भिंत

सर्बिया, उत्तर मॅसिडोनिया आणि ग्रीसच्या डोंगरांत, कड्यांच्या भेगांमध्ये रामोंडा नाताली ही जांभळ्या फुलांची बुटकी वनस्पती वाढते. सर्बियाची राणी नातालिया हिचं नाव तिला १८८४ मध्ये मिळालं.

'सावलीत वाढते' एवढंच ऐकून कुणी ती मोठ्या झाडाखाली सपाट, ओल्या मातीत लावली, तर ती हमखास कुजते. तिची सुरकुतलेली पानं जमिनीलगत गोल पसरतात आणि मधोमध खोलगट वाटी तयार होते. सपाट जागी त्या वाटीत पाणी साचून कोंब सडतो. कड्यावर मात्र रोप आडवं उगवलेलं असतं, त्यामुळे पाणी निथळून जातं. म्हणून जाणकार ती दगडी भिंतीच्या फटीत आडवीच लावतात, सोबत पानांचं कुजलेलं खत, जाड रेती आणि दगडाचे बारीक तुकडे. चुनखडी हवीच असं नाही. ही जात चुनखडीवर वाढते, तशी सर्पेंटाइन नावाच्या हिरवट खडकावरही वाढते. माझ्या मते खडक कोणता यापेक्षा पाणी किती लवकर निचरतं हे आधी पाहावं.

आता भिंत उत्तरेचीच, म्हणजे उत्तरेकडे तोंड असलेली, का? उन्हाळ्यात रामोंडा जवळजवळ पूर्ण वाळते. पानं आत वळतात, खालची दाट लव वर येते आणि सगळा गुच्छ तपकिरी चुरगळ्यासारखा दिसतो. पण या वाळल्या पानांतही बरंचसं हरितद्रव्य टिकून असतं. पाण्याअभावी प्रकाशसंश्लेषण बंद पडलेलं, आणि हरितद्रव्य मात्र प्रकाश शोषतच असतं. ती ऊर्जा वापरली जात नाही, तिच्यातून ऑक्सिजनची घातक रूपं तयार होतात आणि पेशी जळतात. उत्तर गोलार्धात उत्तरेकडे तोंड असलेल्या कड्यावर दुपारचं ऊन येत नाही, म्हणून तिथे ती वाचते. न्यूझीलंडमध्ये लावायची तर हीच भिंत दक्षिणेची घ्यावी लागेल.

अशा 'पुनर्जीवी', म्हणजे पूर्ण वाळूनही पाणी मिळताच पुन्हा हिरव्या होणाऱ्या, वनस्पती आपल्याकडेही आहेत. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या अभ्यासकांनी पश्चिम घाटातल्या अशा ६२ जाती नोंदवल्या आहेत.

तेव्हा भिंतीतली रामोंडा उन्हाळ्यात मेल्यासारखी दिसली, तरी उपटू नका. मुळाशी पाणी घाला आणि एक-दोन दिवस थांबा. चुरगळलेली पानं उलगडू लागतात आणि हिरवी होतात.