भूल उतरतानाचं रडणं आणि दुखण्याचं रडणं

ऑपरेशन छान झालं असं सांगून डॉक्टर पुढे जातात आणि थोड्या वेळात रिकव्हरी रूममधून किंकाळी ऐकू येते. आत जाऊन बघावं तर आपलं चार वर्षांचं लेकरू हातपाय झाडतंय, सलाइनची सुई उपटायला बघतंय आणि आईच्याच कुशीत असून ‘आई पाहिजे’ म्हणून ओरडतंय. आईबापांच्या तोंडून एकच वाक्य निघतं: ‘अहो, किती दुखतंय त्याला, काहीतरी द्या ना!’

दुखत असेलही. पण पुष्कळदा हा प्रकार वेगळाच असतो. भूल उतरताना मूल डोळे उघडतं, आवाज काढतं, पण अजून भानावर आलेलं नसतं. कुठे आहोत, समोर कोण आहे, काहीच उमगत नाही, आणि त्या गोंधळात ते पिसाळल्यासारखं करतं. भूलतज्ज्ञ याला इमर्जन्स डिलिरियम, म्हणजे भूल उतरतानाचा भ्रम, म्हणतात. दोन ते पाच वर्षांच्या मुलांत हे जास्त दिसतं. सेव्होफ्लुरेनसारखा हुंगायचा वायू वापरला असेल, कान-नाक-घशाचं किंवा डोळ्याचं ऑपरेशन असेल, किंवा मूल आत जातानाच फार घाबरलेलं असेल, तर शक्यता वाढते. नुसत्या एमआरआयसाठी भूल दिलेली काही मुलंही उठताना अशीच बेभान होतात. तिथे ना चिरा ना टाके, मग दुखणार काय?

मग ओळखायचं कसं? आवाजावरून नाही, नजरेवरून. भ्रमातलं मूल तुमच्याकडे बघत नाही. बघितलं तरी आरपार बघतं. हाक मारली तर वळत नाही, हातांच्या हालचालींना काही हेतू नसतो. दुखणारं मूल मात्र तुम्हाला ओळखतं. तुमच्याकडे बघून रडतं, दुखऱ्या जागेवर हात ठेवतं, तिथे कुणी हात नेला की ढकलतं, पाय पोटाशी घेतं. २००४ साली या भ्रमासाठी पेड नावाची मोजपट्टी तयार झाली. तिच्यात पाच गोष्टी बघतात: नजरेला नजर देणं, हालचालीत हेतू असणं, आजूबाजूचं भान, अस्वस्थपणा आणि समजूत न पटणं. यातल्या शेवटच्या दोन गोष्टी दुखण्यातही दिसतात. फरक कळतो तो पहिल्या तिन्हींवरून. तरी हेही खरं की दोन्ही एकाच वेळी असू शकतं, म्हणून शंका असली की डॉक्टर वेदनाशामक देऊन टाकतात. ऑक्सिजन कमी पडला तरी मूल असंच करतं, त्यामुळे नर्सने आधी बोटाला लावलेल्या यंत्राकडे बघितलं तर ‘पोराकडे लक्ष नाही’ असं म्हणू नका.

भ्रम असेल तर समजूत घालून उपयोग नाही, कारण ऐकणारं अजून जागेवरच नाही. गदागदा हलवू नका, चारचौघांनी मिळून हाका मारू नका. सुई निघणार नाही, डोकं कठड्यावर आपटणार नाही एवढं सांभाळायचं, आणि एकाच माणसाने हलक्या आवाजात बोलत राहायचं. बहुतेक वेळा दहा-वीस मिनिटांत, क्वचित पाऊण तासात, मूल शांत होतं किंवा झोपी जातं. नंतर त्याला यातलं सहसा काही आठवत नाही. आठवतं ते आपल्याला!

दुखण्याची गत उलटी. ते अर्ध्या तासात संपत नाही, आणि घरी गेल्यावर फार आवाजही करत नाही. माझ्या मते खरी फसगत इथेच होते. गोंधळ घालणाऱ्या मुलाकडे सगळे धावतात, गुपचूप पडलेल्या मुलाला ‘किती शहाणं’ म्हणतात. खेळणं समोर असून हात न लावणं, कूस न बदलणं, पाणी न पिणं, खोकला दाबून धरणं ही दुखण्याचीच भाषा आहे. टॉन्सिल काढल्यावर तर मूल गिळायचंच टाळतं आणि कान दुखतो म्हणतं. कानाला काही झालेलं नसतं, घशातलीच कळ तिथे जाणवते. हे दुखणं चौथ्या-पाचव्या दिवशी पुन्हा वाढलेलंही दिसतं.

म्हणून पहिले दोन-तीन दिवस औषध रडण्याची वाट न बघता, डॉक्टरांनी सांगितलं असेल तसं घड्याळ लावून द्यावं. मात्रा मुलाच्या वजनावर ठरते, मोठ्यांची गोळी अर्धी करून नव्हे. ॲस्पिरिन मनाने अजिबात देऊ नये.

पुढच्या आठवड्या-दोन आठवड्यांत मूल रात्री दचकून उठतं, चिकटून बसतं, अंथरूण ओलं करतं. हे ना भ्रम ना दुखणं. तो धसका असतो, आणि बहुतेकदा आपोआप ओसरतो. पण घरी आल्यावर मूल पुन्हा बरळायला लागलं किंवा हलवूनही नीट जागं होईना, तर त्याला ‘भूल उतरतेय’ म्हणत बसू नका. लगेच दवाखाना गाठा. वेदना औषधालाही दाद देईनाशी झाली, किंवा टॉन्सिलनंतर तोंडातून ताजं रक्त आलं, तरी तसंच.

घरी सोडताना नर्सला दोन गोष्टी विचारून कागदावर लिहून घ्या: वेदनाशामकाचा शेवटचा डोस किती वाजता दिला, आणि जागा बधिर करायचं इंजेक्शन दिलं असेल तर त्याचा असर कधी उतरेल. तो कधीकधी रात्रीही उतरतो, आणि तेव्हा मूल झोपेतून उठून रडलं तर ते बहुधा दुखण्यानेच.