उत्प्रेरक काय करतो आणि काय करत नाही

अर्थसंकल्प आला की बातम्यांत ‘उत्प्रेरक’ हमखास येतो. महामार्ग विकासाचा उत्प्रेरक, आंदोलन सत्तांतराचे उत्प्रेरक. त्याच्यामुळेच हे घडले, असे म्हणायचे असते. रसायनशास्त्रातला उत्प्रेरक मात्र न होणारी गोष्ट कधीच घडवत नाही. होणारी गोष्ट तो लवकर घडवतो.

‘केवळ उपस्थितीने’ अभिक्रियेचा वेग वाढवणारा, असे आपण शाळेत पाठ करतो. पण तो नुसता हजर नसतो, चांगला राबतो. अलिबागजवळच्या थळच्या खत कारखान्यात युरियासाठी अमोनिया तयार होतो, तो लोखंडाच्या उत्प्रेरकावर. नायट्रोजनच्या रेणूत दोन अणूंमध्ये तिहेरी बंध असतो. तो तोडायला मोलमागे, म्हणजे २८ ग्रॅम नायट्रोजनमागे, सुमारे ९४५ किलोज्यूल ऊर्जा लागते. हा रेणू लोखंडाच्या पृष्ठभागावर चिकटला, की त्याचे अणू लोखंडाशी बंध जोडू लागतात, आपसातला बंध सैल होतो आणि तुटतो. सुट्या झालेल्या नायट्रोजनला हायड्रोजनचे अणू एकामागून एक जोडले जातात. तिसरा जोडला गेला की अमोनिया निसटतो आणि लोखंडावरची जागा पुढच्या रेणूसाठी मोकळी होते. पृष्ठभागांवरच्या अशा घडामोडी उलगडणाऱ्या गेरहार्ड एर्टल यांना २००७ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

कशेडी घाटाला बोगदा झाला, चढ वाचला. पण पोलादपूर आणि खेड होते त्याच उंचीवर राहिले. शिवाय बोगदा परतीच्या गाड्यांनाही तितकाच सोयीचा. उत्प्रेरकही अभिक्रियेला कमी चढाची वाट देतो, आणि उलट अभिक्रियेचा वेगही त्याच पटीत वाढवतो. त्यामुळे समतोल, म्हणजे दोन्ही दिशांचे वेग सारखे होऊन मिश्रण स्थिरावते तो टप्पा, जिथे असायचा तिथेच राहतो. अमोनिया तुटून पुन्हा नायट्रोजन आणि हायड्रोजन होणेही त्याच लोखंडावर सोपे होते! समतोल अमोनियाकडे झुकवायला वायूंवर प्रचंड दाब द्यावा लागतो. लोखंडाला ते जमत नाही. एका फेरीत थोड्याच वायूचा अमोनिया होतो. तो थंड करून काढून घेतात आणि उरलेले वायू पुन्हा आत सोडतात.

म्हणूनच ‘गुप्त उत्प्रेरका’च्या जोरावर पाण्यावर गाडी चालवण्याच्या दाव्यांवर विश्वास ठेवू नये. पाणी म्हणजे आधीच जळून गेलेला हायड्रोजन. त्यातून हायड्रोजन वेगळा करायला किमान तेवढी ऊर्जा घालावीच लागते, जेवढी तो पुन्हा जाळल्यावर मिळते. कुठलाही उत्प्रेरक हा हिशेब बदलू शकत नाही.