मॅचप्लेटवरचे प्रोसेसर

कोल्हापूरच्या उद्यमनगरात मामांचं पॅटर्नचं वर्कशॉप आहे. लाकडाचे, अ‍ॅल्युमिनियमचे पॅटर्न, म्हणजे ज्यांच्याभोवती वाळू ठोकून ओतकामाचा साचा घेतात ते नमुने, करायचे आणि शिरोलीच्या फौंड्रीला द्यायचे. मी संगणकावर नेमकं काय करतो, हे त्यांना बरीच वर्षं कळत नव्हतं. शेवटी त्यांच्याच टेबलावरची मॅचप्लेट, म्हणजे अनेक पॅटर्न एकत्र बसवलेली प्लेट, कामाला आली.

माझं काम क्यूएमू या एम्युलेटरच्या कोडवर असतं, तेव्हा आधी एम्युलेटर म्हणजे काय ते बघू. क्यूएमू हा मुक्त प्रोग्राम फाब्रिस बेलार यांनी 2003 मध्ये सुरू केला. आपल्या साध्या लॅपटॉपवर तो दुसऱ्याच जातीचा संगणक उभा करतो. परक्या प्रोसेसरच्या सूचना तो तुकड्या-तुकड्यांनी वाचतो, आपल्या प्रोसेसरच्या भाषेत उतरवतो आणि उतरवलेला तुकडा जपून ठेवतो. तोच भाग पुन्हा आला की नव्याने भाषांतर करावं लागत नाही. अशा रीतीने एआरएम, रिस्क-फाइव्ह या घराण्यांतले, किंवा 1979 साली आलेल्या मोटोरोला 68000 च्या घराण्यातले प्रोसेसरही आजच्या यंत्रावर चालतात. जुना मॅकिंटॉश क्वाड्रा 800 सुद्धा त्यात उभा करता येतो, तो याच घराण्यातल्या 68040 वर.

आता एकेका घराण्यात प्रोसेसर कितीतरी. प्रत्येकाची ओळख क्यूएमूला करून द्यावी लागते: नाव काय, घराणं कुठलं, सुरू होताना कुठल्या सोयी चालू करायच्या. या ओळखीला ‘टाइप’ म्हणतात. घराण्याचा मूळ टाइप अमूर्त असतो, म्हणजे त्याचा स्वतःचा प्रोसेसर कधी तयार होत नाही. बाकीचे फक्त त्याचे गुण घेतात.

पूर्वी 68000 च्या घराण्यात ही नोंद जरा आडवळणाने होत असे. एका यादीत ‘m68040’ अशी आखूड नावं. प्रोग्राम सुरू झाला की एक फंक्शन यादीतून फिरायचं, प्रत्येक नावाला घराण्याचं शेपूट जोडायचं, त्यासाठी मेमरी मागायचं, नोंद करायचं आणि मेमरी परत द्यायचं. बाकी घराण्यांतही असंच काहीसं, पण प्रत्येकाची तऱ्हा थोडी निराळी. चालत होतं सगळं. म्हणून तर कुणी हात लावत नाही अशा कोडला!

2017 मध्ये ही घराणी एकेक करून नव्या पद्धतीवर आणली गेली. आता पूर्ण टाइपांचं एकच कोष्टक असतं आणि एका मॅक्रोने, म्हणजे कोडच्या ठरीव तुकड्याला दिलेल्या छोट्या नावाने, ते अख्खं नोंदवलं जातं. नावं जोडायला फंक्शन लागत नाही, कारण सी भाषेत अवतरणातले दोन मजकूर शेजारी ठेवले की कंपायलरच (कोडचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम) ते सांधतो. ‘m68040-m68k-cpu’ हे नाव प्रोग्राम चालायच्या आधीच तयार. मग यंत्राच्या व्याख्येतही ‘माझा नेहमीचा प्रोसेसर हा’ असं पूर्ण नावानिशी लिहिता येतं. ते आखूड नाव वाचून, शोधून टाइप काढण्याची खटपट तिथे उरत नाही.

मामांना हे लगेच पटलं. सुटे पॅटर्न असले की प्रत्येकासाठी वाळू वेगळी ठोकायची. एका प्लेटवर चार बसवले की एका ठोकणीत चार साचे. फक्त त्यांनी विचारलं, “कास्टिंग बदललं काय?”

प्रश्न बरोबर जागी होता. रिफॅक्टरिंगमध्ये, म्हणजे कोडची आतली मांडणी सुधारताना, कास्टिंग, म्हणजे शेवटी बाहेर पडणारा माल, बदलायचं नसतं. लोकांच्या स्क्रिप्टमध्ये प्रोसेसरची नावं लिहून ठेवलेली असतात. एक अक्षर इकडचं तिकडे झालं की कुणाचं तरी यंत्र सुरूच होणार नाही. आणि अशा कामात चूक होते ती कंटाळ्याने, कारण सगळ्या ओळी सारख्या दिसतात. शेजारच्या प्रोसेसरचं फंक्शन चुकून या नावापुढे राहिलं, तर कंपायलर हूं की चूं करत नाही.

म्हणून मी बदलाआधी क्यूएमूला प्रोसेसरांची यादी छापायला लावतो, बदलानंतर पुन्हा छापतो आणि दोन्ही याद्या ताडून बघतो. मग त्या नावांनी एकेक यंत्र चालू करून बघायचं. यात अख्खी दुपार जाते, आणि स्क्रीनवर दाखवण्यासारखं काहीच नसतं.