दुहेरी काच आणि लो-ई काच: खिडकीतली कोणती उष्णता कोण अडवतं?

नव्या खिडक्यांचं कोटेशन मागितलं की 'उष्णता अडवणारी काच' या एकाच नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी गळ्यात पडतात: दुहेरी काच आणि लो-ई (लो-एमिसिव्हिटी, म्हणजे उष्णता कमी उत्सर्जित करणारा थर दिलेली) काच. अनेकदा दोन्ही एकाच खिडकीत असतात, म्हणून घोळ होतो. काम मात्र दोघींचं वेगळं.

दुहेरी काच म्हणजे दोन काचा आणि मध्ये साधारण १२ मिलिमीटर कोंडलेली हवा. बाहेरची गरम हवा काचेतून जी धग आत ढकलते, ती या थराने कमी होते. तिचं माप म्हणजे यू-व्हॅल्यू: आत-बाहेरच्या दर अंश फरकामागे एका चौरस मीटरमधून किती वॅट जातात. ६ मिलिमीटरच्या साध्या काचेची ती सुमारे ५.७, दुहेरीची २.८. नागपुरात मे महिन्यात बाहेर ४५ अंश आणि एसी लावून आत २६ असेल, तर दर चौरस मीटरमागे १०८ वॅटऐवजी ५३ वॅट आत येतील. थेट निम्मे!

पण ऊन हवेची वाट पाहत नाही. पश्चिमेच्या खिडकीवर दुपारी चारला चौरस मीटरमागे ६०० वॅट ऊन पडतंय असं धरा. साध्या काचेतून त्यातले ४८० आत येतात, पारदर्शक दुहेरीतूनही ४२०. म्हणजे हवेचे ५५ वॅट वाचवायला पैसे मोजले आणि उन्हाला दार जवळजवळ उघडंच ठेवलं.

इथे लो-ई लागते. काचेवर चांदीचा, काही नॅनोमीटर जाडीचा थर असतो. उन्हातली जवळपास निम्मी ऊर्जा डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांत असते. हा थर ते किरण परतवतो आणि उजेड बऱ्यापैकी येऊ देतो. ऊन किती आत येतं त्याचं माप एसएचजीसी. ते ०.३ असेल तर ६०० पैकी १८०च वॅट आत. गडद रंगाची काच मात्र वेगळी: ती ऊन शोषून स्वतःच तापते, त्यातली काही उष्णता खोलीत सोडते आणि वर घरात अंधार करते.

चांदी उघड्या हवेत टिकत नाही, म्हणून हा थर दोन काचांच्या मध्ये, आपल्याकडे बाहेरच्या काचेच्या आतल्या बाजूला देतात. थंड देशांसाठीची लो-ई उलट ऊन आत घेऊन खोलीची ऊब राखते, तेव्हा नुसतं नाव ऐकून होकार देऊ नका, एसएचजीसीचा आकडा लेखी मागा. उत्तरेच्या किंवा खोल छज्जाखालच्या खिडकीला हा खर्च मी तरी करणार नाही.

माल आल्यावर अंधारात काचेसमोर काडी पेटवा. दुहेरी काचेत ज्योतीची चार प्रतिबिंबं दिसतात. त्यातलं एक वेगळ्या रंगाचं असेल तर थर आहे. चारही सारखी दिसली, तर बहुधा लो-ईच्या भावाने नुसती दुहेरी काच आली आहे.