घरातलं पोवळं: ही टाकी आली कुठून

आमच्या सोलापुरात पोवळं म्हटलं की आधी मंगळाची अंगठी आठवते, सराफाकडची, लाल. त्यामुळं माझ्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत निळ्या लाइटखाली हिरव्या-केशरी झोआ (पोवळ्याच्या जातकुळीतले, फुलासारखे दिसणारे मऊ जीव) उघडलेल्या बघून शेजारचे काका विचारतात, काय हो हे, झाड आहे का दगड? काकांना हसायचं कारण नाय. अंगठीतल्या त्याच लाल पोवळ्याचा अभ्यास करून पेसोनेल नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं १७२०च्या दशकात सांगितलं की ही फुलं नव्हेत, प्राणी आहेत, तर ते इतकं खुळ्यासारखं वाटलं की पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढं मांडताना तिथल्या रेओम्यूर नावाच्या शास्त्रज्ञानं त्याचं नावच झाकून ठेवलं.

घरात जिवंत पोवळं ठेवायची जुनी गोष्ट आहे लंडनच्या ॲना थिन बाईंची. १८४६ मध्ये टॉर्कीच्या किनाऱ्यावरून पोवळी आणली, पण लंडनात समुद्राचं पाणी रोज कुठून आणणार, म्हणून त्यांची मोलकरीण उघड्या खिडकीशी बसून रोज अर्धा-पाऊण तास तेच पाणी ह्या भांड्यातून त्या भांड्यात ओतायची, हवा मिसळावी म्हणून. आपण चहा गार करतो तसं. नाव मालकिणीचं झालं, हात मात्र तिचे दुखले असतील.

मग १८५३ ला लंडन झूमध्ये लोकांसाठी मत्स्यालय उघडलं वगैरे, पण पोवळं टिकवणं काय जमेना. जमलं ते जकार्ताच्या ली चिन एंगला. फिल्टर नाही की काय नाही, समुद्रातून जीवजंतूंसकट आणलेले दगड, थोडे बुडबुडे आणि ऊन, बास. त्याचा लेख १९६१ चा, आपण ज्याला लाइव्ह रॉक म्हणतो ते हेच. पुढं जर्मनीत तेच दगड, सोबत प्रोटीन स्किमर (बुडबुड्यांनी पाण्यातला मळ काढणारं यंत्र) आणि कडक लाइट, ही झाली बर्लिन पद्धत. लाइट एवढ्यासाठी की पोवळ्याच्या अंगात बारीक शेवाळ राहतं आणि उजेडावर अन्न करून त्याला बरंचसं खायला तेच घालतं. १९८६ ला जॉर्ज स्मिटचे लेख आले अन् अमेरिकेत मिनी रीफचं, म्हणजे टाकीतल्या छोट्या प्रवाळ-बेटाचं खूळ घरोघरी गेलं.

आपल्याकडं मीठ पुडक्यातलं, पाणी आरओचं, लिटरला साधारण ३५ ग्रॅम. नळ काही दिवसाआड येतो तेव्हा आधी पिण्याचं भरायचं का टाकीचं, ह्यावर आमच्याकडं भांडण ठरलेलं. आणि हो, दगडी पोवळी २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत, झोआ त्यात मोडत नसल्या तरी माल कुठनं आला ते विचाराच. झोआचा दगड गरम पाण्यात उकळून धुवायला तर अजिबात जाऊ नका, काही जातींत पॅलिटॉक्सिन नावाचं जहाल विष असतं, वाफेतून माणूस आडवा होतो.

मे महिन्यात ४२ डिग्रीला लाइट गेली, इन्व्हर्टर पण बसला, पाणी ३० च्या वर, झोआ सगळ्या मिटून बसल्या. मग काय, स्टुलावर बसलो, तांब्या घेतला आणि टाकीतलं पाणी टाकीत उंचावरून ओतत राहिलो, दीड तास.