घूं घूं येतेय? केबल घ्यायच्या आधी हे वाचा

नागपूरच्या सीताबर्डीतल्या आमच्या काउंटरवर हे नेहमीचंच: "भाऊ, रेकॉर्ड लावली की घूं घूं आवाज येऊन राहिला, जरा भारीतली केबल द्या." केबल विकणं हा आमचा धंदाच आहे. तरी आधी आम्ही विचारतो, टर्नटेबलमधून (म्हणजे रेकॉर्ड प्लेअरमधून) लाल-पांढऱ्या आरसीए प्लगच्या केबलसोबत जी एक बारीक सुटी वायर निघते, ती कुठे लावली? "ते होय? जास्तीची होती, मागे गुंडाळून ठेवली." एका गृहस्थांनी ती पकडीने कापूनच टाकली होती.

ती ग्राउंड वायर आहे. फोनो प्रीॲम्पच्या (टर्नटेबलचा नाजूक सिग्नल आधी वाढवणाऱ्या डब्याच्या) किंवा ॲम्प्लिफायरच्या मागे जीएनडी लिहिलेला स्क्रू असतो, तिथेच ती कसायची. भिंतीवरच्या बोर्डाच्या अर्थिंगच्या भोकात खुपसायची नाही. एमएम (मूव्हिंग मॅग्नेट) कार्ट्रिजमधून, म्हणजे सुई बसवलेल्या भागातून, निघतात जेमतेम ५ मिलिव्होल्ट, सीडी प्लेअर देतो २ व्होल्टच्या आसपास. चारशेपट फरक. इतका नाजूक सिग्नल वाढवताना टोनआर्मने (सुईच्या दांड्याने) आजूबाजूच्या विजेतून उचललेली ५० हर्ट्झची घरघरही तेवढीच वाढते. मग केबल ५०० ची असो की ५,००० ची.

घरीच तपासा. सुई उचललेली, व्हॉल्यूम अगदी कमी, आणि त्या वायरचं टोक स्क्रूला टेकवा. घरघर खाली बसली तर दुकानात यायचं काम नाही. काही टर्नटेबलना ही वायर नसतेच, त्यांना वेगळी जोडू नका. वायर लावूनही आवाज राहिला तर ॲडॉप्टर, स्टॅबिलायझर केबलपासून दूर सरकवा. आणि उन्हाळ्यात कूलर! कूलरची मोटर आणि टर्नटेबल एकाच बोर्डावर असतील तर पंप चालू-बंद होताना स्पीकरमधून टक् येणारच.

आता लांबी. टर्नटेबल ते फोनो प्रीॲम्प एक मीटर, फार तर दीड. त्याहून लांब आम्ही बनवून देत नाही, यावरून काहीजण रागावतातही. कारण साधं आहे. साध्या शील्डेड केबलची कपॅसिटन्स (विजेचा भार साठवण्याची क्षमता) दर मीटरला १०० पिकोफॅरॅडच्या आसपास असते, आणि बऱ्याच एमएम कार्ट्रिजना प्रीॲम्प धरून एकूण १०० ते ३०० च लागते. तीन मीटर ओढली की वरच्या पट्टीतला आवाज आधी टोचरा होतो आणि त्यापुढचा बारकावा गळून जातो. झांजा ऐका, लगेच कळेल. ॲम्प्लिफायर लांब ठेवायचा असेल तर प्रीॲम्प टर्नटेबलजवळ ठेवा, तिथून पुढे पाच मीटर गेलात तरी चालतं. टर्नटेबलमध्येच प्रीॲम्प असेल तर मागचा स्विच लाइनवर ठेवा आणि केबल ॲम्प्लिफायरच्या ऑक्समध्ये (साध्या लाइन इनपुटमध्ये) घाला. फोनोमध्ये घातली तर आवाज फाटतो आणि दोष पुन्हा केबललाच लागतो.

सोन्याचा मुलामा? प्लगला गंज धरत नाही, एवढाच फायदा. त्यासाठी थोडे जास्त द्या, खूप जास्त नको.

स्पीकरच्या वायरमध्ये डोकं शिणवू नका. ८ ओहमच्या स्पीकरला पाच मीटरपर्यंत दीड स्क्वेअर एमएमची शुद्ध तांब्याची वायर पुरते. फक्त तार ब्लेडने खरवडून बघा. आतून पांढरी निघाली तर तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे.

आमच्या आरसीए केबल दुकानातच सोल्डर होतात, प्रत्येकीची कपॅसिटन्स मीटरवर मोजून चिठ्ठीवर लिहितो. बाजारातल्या तयार केबलपेक्षा थोड्या महाग पडतात, हे खरं. जुनी केबल घेऊन या, ती फुकट मोजून देऊ; बरी निघाली तर तीच वापरा.

घरी बोलावलंत आणि फक्त ग्राउंड वायर कसायची निघाली, तरी व्हिजिटचे पैसे लागतील. मे महिन्यात दुपारी १२ ते ४ आम्ही कुठेच जात नाही, ऊन उतरल्यावरची वेळ मागा.