इंट आणि फ्लोअर: शून्याच्या डावीकडे उत्तर का बदलतं?

२.७ चा पूर्णांक करायचा असेल तर पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत इंट हे फंक्शन वापरा नाहीतर मॅथ मॉड्यूलमधलं फ्लोअर, उत्तर २ च येतं. शिकवताना बहुतेक उदाहरणं अशीच शून्यापेक्षा मोठ्या आकड्यांची घेतली जातात, म्हणून दोन्ही एकच आहेत असा समज पक्का होतो. तेच उणे २.७ वर चालवा: इंट उणे २ देतं, फ्लोअर उणे ३.

इंट दशांशचिन्हापुढचं सगळं छाटतं, त्यामुळे आकडा शून्याकडे सरकतो. फ्लोअर मात्र नेहमी संख्यारेषेवर डावीकडे, म्हणजे लहान पूर्णांकाकडे जातं. शून्याच्या उजवीकडे या दोन्ही दिशा एकच असतात, डावीकडे त्या एकमेकींच्या उलट होतात.

एकाच्या फरकानं काय बिघडतं ते हिशोबात दिसतं. रावेर-यावल भागातून केळीचा ट्रक निघताना वजनकाट्यावर एक वजन भरतं, दूरच्या बाजारात उतरवताना दुसरं. पोहोचलेल्या वजनातून भरलेलं वजन वजा केलं की घट उणे आकड्यात मिळते. काट्याकाट्यातल्या फरकामुळे कधी अधिकही येतं. या फरकाचे एकेक क्विंटलचे गट पाडताना इंट वापरलं, तर उणे ०.९ आणि अधिक ०.९ दोन्ही शून्याच्याच गटात पडतात. बाकीचे गट एक क्विंटल रुंद, शून्याचा जवळजवळ दोन. आलेखात तिथे खांब उंच दिसतो आणि बऱ्याच ट्रकांना घट लागतच नाही असा चुकीचा निष्कर्ष निघतो. प्रोग्राम कुठेही अडकत नाही, एररही येत नाही, म्हणूनच ही चूक वाईट. फ्लोअर उणे ०.९ ला उणे १ च्या गटात टाकतं आणि सगळे गट सारख्या रुंदीचे राहतात. गट पाडायचे असोत किंवा नकाशावर चौकोन, तिथे फ्लोअरच हवं.

हाच फरक भागाकारातही लपलेला असतो. पायथनमध्ये दोन तिरक्या रेघांचा भागाकार फ्लोअरच्या नियमानं चालतो: उणे ७ भागिले २ म्हणजे उणे ४. सी आणि जावा या भाषांत पूर्णांकांचा भागाकार छाटतो, तिथे उत्तर उणे ३. बाकीही त्याप्रमाणे बदलते. सोमवारला ० धरून तीन दिवस आधीचा वार काढायचा असेल, तर उणे ३ ला ७ नं भागून बाकी घ्यायची. पायथन ४ देतं, म्हणजे शुक्रवार, बरोबर. जावा उणे ३ देतं, आणि तो आकडा वारांच्या ॲरेला (यादीला) इंडेक्स, म्हणजे जागेचा क्रमांक, म्हणून दिला की प्रोग्राम कोसळतो. जावात त्यासाठी मॅथ.फ्लोअरमॉड आहे, सी मध्ये बाकीत ७ मिळवून पुन्हा ७ नं भागून बाकी घ्या.

नावावर विसंबू नका. एक्सेलमधलं इंट हे फ्लोअरसारखं वागतं, उणे २.७ चं उणे ३ करतं. छाटणारं फंक्शन तिथे ट्रंक. एक्सेलची शीट पायथनमध्ये उतरवताना इंटच्या जागी इंट लिहिलं की उणे ओळींची उत्तरं गुपचूप बदलतात. पोस्टग्रेस हा डेटाबेस तर न्यूमेरिक (दशांश) प्रकारातल्या २.७ चं इंटिजरमध्ये, म्हणजे पूर्णांकात, कास्ट (प्रकार बदल) करताना ना छाटतं, ना खाली उतरवतं; जवळच्या पूर्णांकाला नेऊन ३ देतं. सी आणि जावात फ्लोअरचं उत्तर डबल या दशांश आकड्यांच्या प्रकारातच राहतं, त्यामुळे फ्लोअरनंतर कास्ट करावाच लागतो. नुसता कास्ट केला तर ते छाटणं झालं.

जवळच्या पूर्णांकासाठी ०.५ मिळवून इंट लावायची जुनी युक्तीही उणे बाजूला फसते. उणे २.७ मध्ये ०.५ मिळवले की उणे २.२, इंटनं उणे २. यायला हवं होतं उणे ३. तिथे फ्लोअर लावलं तर बरोबर येतं. पायथनचं राउंड वापरणार असाल तर २.५ चे २ आणि ३.५ चे ४ होतात, कारण बरोबर अर्ध्यावर ते सम आकड्याकडे जातं.

पैशांच्या हिशोबात मात्र दोन्ही सारखेच घात करतात. किलोमागे ४.३५ रुपये दर पैशांत आणायला १०० नं गुणलं, तर उत्तर ४३५ येत नाही, ४३४.९९९९९९९९९९९९९४ येतं, कारण ४.३५ बायनरीत, म्हणजे संगणकाच्या ०-१ च्या पद्धतीत, नेमका मावत नाही. इंट आणि फ्लोअर दोन्ही ४३४ देतात. आधी राउंड लावा. त्याहून बरं म्हणजे रक्कम सुरुवातीपासून पैशांत, पूर्णांक म्हणून साठवा, किंवा दशांश आकडे नेमके ठेवणारं पायथनचं डेसिमल वापरा. डेसिमलला ४.३५ अवतरणचिन्हांत द्यायचं. तसं नाही दिलं तर आधीच बिघडलेला फ्लोट (बायनरीतला दशांश आकडा) आत जातो आणि डेसिमल तो इमानानं तसाच जपतं.